झाकलेला आकडा

"जाऊ दे पोरी, सगळंच काही आपल्या हातात नसतं," असं म्हणून अर्लीन कोस्केलाने डॅग्नीच्या कोटाच्या बाहीवर दोन बोटं ठेवली, उचलली आणि ती बटाट्यांकडे वळली. एवढंच. शनिवारची दुपार, टेकडीच्या पायथ्याचं सहकारी दुकान, काचेमागे धुरावलेल्या ट्राउट माशांच्या सोनेरी पाठी. काउंटरवरचा माणूस "अर्धा पौंड की जास्त?" असं दुसऱ्यांदा विचारत होता, आणि विद्यापीठाच्या तळघरात गुरुत्वाकर्षण मोजणारी डॅग्नी हालवर्सन बाहीवरच्या त्या जागेकडे बघत उभी होती, जिथे आता काहीच नव्हतं. सरोवरकाठच्या या डुलुथ गावात कुणी कुणाच्या बाहीला हात लावत नाही. इथे कुणाचं कोठार जळालं तर शेजारी म्हणतो, चला, यंदा रंगवायचा त्रास वाचला. मुलगी राज्यात पहिली आली तर बाप म्हणतो, वाईट नाही. आणि अर्लीन तर याच मातीतली. नवऱ्याच्या छातीचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून भेटायला येणाऱ्यांना वेलदोड्याचा पाव कापून देत होती आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होती. त्या बाईने आज हात लावला. वर 'जाऊ दे' म्हणाली. काय जाऊ दे?

कारण अर्लीनच्या नवऱ्याकडे, रायमोकडे, आकडा होता. डॅग्नीच्या धंद्यात ही रीत आहे. तळघरात एका केसाहून बारीक तारेला धातूची चकती टांगलेली, तिच्याखाली दुसरी चकती सावकाश फिरते. खालची वरचीला किती ओढते ते तार पिळवटते त्यावरून मोजायचं, आणि दोन्हींमधलं अंतर कमी कमी करत न्यायचं. लांबी, रुंदी, उंची सोडून अवकाशाला आणखी एखादी दिशा असेल, आणि ती कुठे तरी अगदी लहान गुंडाळी होऊन बसली असेल, तर त्या गुंडाळीच्या मापाइतक्या जवळ गेल्यावर ओढ एकाएकी जास्त वाढायला हवी. जुन्या नियमाने वाढते त्याहून जास्त. ही वाढ दिसावी असं मोजणाऱ्याला मनातून वाटत असतं, आणि मनातून वाटणं हे तळघरातल्या धुळीहून वाईट. म्हणून एकाने मोजमापात एक गुप्त आकडा मिसळून ठेवायचा. बाकीच्यांनी वर्षभर बघायचा तो खोटा आलेख. कुठल्या दिवसांची मोजणी ठेवायची, कुठली टाकायची, सगळं त्या खोट्या आलेखावर ठरवायचं. सगळं ठरलं, सगळ्यांनी मान्य केलं, की मग एके दिवशी सगळ्यांच्या देखत आकडा काढून टाकायचा, आणि जे उरेल ते जगाला सांगायचं. त्यानंतर एक टिंबही हलवायचं नाही. हा आकडा राखायला रायमोला नेमलं होतं, कारण तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याला आता आयुष्यात फक्त सौनातली वाफ आणि झोप हवी होती, असं तोच सांगायचा. पण राखणदारालाही डोळे असतात. दर गुरुवारी भिंतीवर आलेख पडतो, आणि ज्याला आकडा ठाऊक आहे त्याला वजाबाकी टाळता येत नाही. डोळे मिटले तरी ती होते. खरं काय निघालंय हे सगळ्या पृथ्वीवर एकट्या रायमोला माहीत होतं.

म्हणजे शनिवारपर्यंत.

घरी येऊन तिने मासा फ्रिजमध्ये ठेवला आणि तो प्रसंग पुन्हा लावून बघितला. अर्लीन आधी म्हणाली होती, "एवढी राबलात तुम्ही सगळी." मग थांबली होती. मग 'जाऊ दे'. नाही, असं नाही. आधी ती म्हणाली होती, "रायमोला हल्ली झोप नाही." त्यानंतर 'एवढी राबलात'. की झोपेचं ती हवेबद्दल बोलताना म्हणाली होती, अगदी सुरुवातीला, पावांच्या फळीपाशी? झोपेचं वाक्य आधी आलं असेल तर ते म्हाताऱ्या माणसाच्या झोपेबद्दलचं वाक्य होतं. नंतर आलं असेल तर तो निकाल होता. नवरा रात्री कुशी बदलतो, बायकोला काहीच सांगत नाही, पण बायको चाळीस वर्षं त्या पाठीशेजारी झोपलेली असते. तिला आकडा नको असतो, तिला पाठ पुरते. रायमोने नियम मोडला नव्हता. तो फक्त गळला होता, थोडासा, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. आणि ते गळलेलं अर्लीनमधून झिरपत बटाट्यांपाशी डॅग्नीच्या बाहीवर आलं होतं. काही नाही सापडलं. जास्तीची ओढ नाही. दिशा नाही. जाऊ दे.

किंवा हे सगळं खोटं, आणि अर्लीनची कुणी बहीण आजारी असेल, म्हणून ती हळवी झाली असेल.

डॅग्नीचा बाप विम्याचे दावे तपासत असे. आयर्न रेंजच्या खाणींपासून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत जळालेली कोठारं, बुडालेल्या मोटारी, बर्फाखाली बसलेली छपरं. लहानपणी सुट्टीत ती त्याच्या गाडीत पुढे बसून जायची. त्याने जळक्या लाकडाकडे नीट बघितलेलं तिला आठवत नव्हतं. तो मालकाकडे बघायचा, आणि मालकाने दिलेली कॉफी हळूहळू प्यायचा. परतताना म्हणायचा, "एक सबब सांगतो तो बहुधा खरा. तीन सांगतो त्याला घरी पाठवायचं." पुढे ती मोठी झाली, शिकली, आणि एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर तिने त्याला आपलं काम समजावून सांगायचा प्रयत्न केला. आणखी दिशा असतील तर दिसत का नाहीत? तर एक, त्या फार लहान गुंडाळलेल्या असतील. गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना लांबून बघितलं तर गळाची दोरी ही एक रेघ असते. तिला जाडी आहे, घेर आहे, हे त्या घेराएवढ्या जिवालाच कळेल. किंवा दोन, त्या मोठ्याही असतील, पण उजेड, वीज, आपली हाडं, ताटातला हा टर्की, सगळं एकाच पापुद्र्याला चिकटलेलं आहे. डोळ्यांना तिकडचं काही येऊन पोचतच नाही. गुरुत्वाकर्षण तेवढं बाहेर गळतं, म्हणून तर ते एवढं दुबळं आहे. फ्रिजवरचं चिमुकलं लोहचुंबक अख्ख्या पृथ्वीशी टाचणीसाठी झगडतं आणि जिंकतं. किंवा तीन, ते अवकाशच असं वाकलेलं असेल की गुरुत्वाकर्षणही आपल्यापासून दूर कुठे तरी साचून राहतं. बाप काटा खाली ठेवून ऐकत होता. "आणि दर वेळी तुम्ही बघता, तिथे ती नसते?" "नसते. म्हणजे तेवढ्या मापाची नसते. त्याहून लहान असू शकते." "पुढच्या वेळी आणखी लहान." "हो." तो तिच्याकडे, मालकांकडे बघायचा तसा, बराच वेळ बघत राहिला. "डॅग्नी, शोधायला गेलं की जी वस्तू दर वेळी आखडते, तिला आमच्या ऑफिसात वस्तू नाही म्हणत." आई म्हणाली, "तिला सुखाने जेवू दे." बाप म्हणाला, "जेव की. मी काय तिचा दावा नामंजूर केलाय?" सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून एक संशय तिच्यात राहायला आला तो गेलाच नाही. आपण दिशेच्या मागे आहोत की त्या टेबलावर बापाला खोटं पाडायच्या मागे, हे तिला कधी नीट वेगळं करता आलं नव्हतं. बाप आता स्मृती गेलेल्यांच्या आश्रमात होता आणि तिला कधी कधी दावेदार समजायचा.

रविवारी ती आश्रमात गेली नाही. आकडा काढायला तीन आठवडे राहिले होते, आणि एकच निर्णय उरला होता, तोही तिचा. बर्फ वितळण्याचे दिवस. तळघरामागची टेकडी एप्रिलमध्ये पाणी पिऊन जड होते, आणि ती चिखलाची टेकडी तारेवरच्या चकतीला आपल्याकडे किंचित ओढते. त्या दिवसांची मोजणी ठेवायची की टाकायची? टाकायला कारण होतं: टेकडी. ठेवायला कारण होतं: टेकडीची ओढ हिशेबात धरता येते, आणि ते दिवस एरवी सगळ्यात शांत होते, वर रस्त्याचं काम बंद होतं. शनिवारपूर्वी ती टाकायच्या बाजूची होती. निदान तिला तसं वाटत होतं. कुणाजवळ बोलली होती का? नाही. मग हे शनिवारपूर्वीचं की नंतरचं? दुकानातून घरी येईपर्यंत गाडीत झालेलं मत माणूस मागे ढकलून मागच्या मंगळवारी नेऊन ठेवू शकतो, आणि मंगळवार तक्रार करत नाही. आता ते दिवस टाकले, तर ती रिकाम्या निकालातून काही तरी वर यावं म्हणून टाकते आहे. ठेवले, तर आपण प्रामाणिक आहोत हे स्वतःला दाखवण्यासाठी ठेवते आहे, म्हणजे तेही अर्लीननेच ठरवलं. नाणं उडवावं, तर नाणं उडवायचं कुणी ठरवलं? चहाचा कप धुताना तिच्या लक्षात आलं की आपण एकच कप बराच वेळ धुतो आहोत.

गुरुवारी बैठकीला ती रायमोच्या समोर बसली. एरवी त्याच्या शेजारी बसायची. आज समोर. लेलँड बोप्रेने दिवे मालवून आलेख लावला. लेलँड तिच्याहून तीन वर्षांनी लहान, यंत्राचा सगळा भार वाहणारा, तोंडाने सैल. भिंतीवर खोटी रेघ उठली, उजवीकडे सपाट, डावीकडे जवळच्या अंतरांपाशी ऐटीत वर चढलेली. रायमोने चष्मा काढला, पुसला, लावला. मागच्या गुरुवारीही पुसला होता? त्याने वर न बघता हाताशी असलेल्या पावाचा तुकडा मोडला. त्याने खाल्ला नाही. मग खाल्ला. चढत्या रेघेपाशी लेलँड आला तेव्हा रायमो खिडकीकडे बघत होता, आणि खिडकीत काहीही नव्हतं, एक लोहखनिजाचं जहाज सोडून. आणि रायमोच्या जन्मापासून रोज तिथे लोहखनिजाचं जहाज असतं.

"काय गं," लेलँड म्हणाला, "आलेख इकडे भिंतीवर आहे. म्हाताऱ्याच्या तोंडावर छापलाय का?"

"मला वाटलं त्यांना बरं नाही."

"मला बरं आहे," रायमो म्हणाला.

"त्यांना कधीच बरं नसतं," लेलँड म्हणाला. "सदुसष्ट वर्षं झाली. हं, वितळत्या दिवसांचं काय ते बोल बाई आता. ठेवायचे की फेकायचे? मी तुझ्या तोंडाकडे बघून थकलो."

'तोंडाकडे बघून.' तो का म्हणाला असं? त्यालाही कुणी भेटलं होतं का? अर्लीन आधी लेलँडच्या बायकोला भेटली असेल, चर्चच्या तळघरात, सामुदायिक जेवणाला हॉटडिशच्या रांगेत. मग सगळेच जाणतात, सगळेच सगळ्यांपासून लपवतात, आणि दर गुरुवारी सगळे मिळून एका खोट्या रेघेपुढे दिवे मालवून बसतात. किंवा अर्लीनला रायमोनेच पाठवलं असेल, बघायला, की डॅग्नी काय करते. ही कसोटी असेल. असं कुणी करतं का? केल्याचं तिने ऐकलं होतं, दुसऱ्या एका प्रयोगात मुद्दाम खोटी खूण पेरली होती, आणि वर्षभर माणसं तिच्यामागे धावली होती.

"पुढच्या आठवड्यात सांगते," ती म्हणाली.

"तीन आठवडे हेच ऐकतोय!"

तीन आठवडे. म्हणजे शनिवारपूर्वीही तिने ठरवलेलं नव्हतं. म्हणजे ती टाकायच्या बाजूची कधीच नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाचाच संशय आला.

दुपारी ती रायमोच्या खोलीवर गेली. त्याने कॉफीचं भांडं पुढे केलं.

"रायमो, तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसाल का?"

"कुठे?"

"खिडकीकडे. माझ्याकडे पाठ करून. मी पण पाठ करते."

रायमोने याचं कारण विचारलं नाही, खुर्ची फिरवली. ती दाराकडे तोंड करून बसली. दोघांच्या मधे टेबल, टेबलावर कॉफी. दारावर मागच्या वर्षीच्या मासेमारीच्या स्पर्धेचं पत्रक होतं.

"मला काही तरी कळलंय," ती म्हणाली. "काय ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही काही तरी कराल. श्वास घ्याल. गप्प राहाल. त्यावरून मला आणखी कळेल."

पाठीमागून त्याचा आवाज आला. "कुणाकडून?"

"तेही नाही सांगणार."

"मी कुणाला काही बोललेलो नाही."

"मला माहीत आहे. तुम्ही बोलला नाहीत."

पाठीमागे खुर्ची करकरली. तिने दारावरच्या पत्रकातल्या माशाच्या डोळ्याकडे सगळं लक्ष लावलं.

"मग काय," तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं. मग: "मी घरी जास्त बोलत नाही, डॅग्नी. तेवढं मला जमतं असं मला वाटायचं."

त्याच्या आवाजावरून काही कळू नये म्हणून तिने मनात त्या माशाचे खवले मोजायला सुरुवात केली.

"तुला ठाऊक आहे याचा अर्थ," तो म्हणाला. "तू हे बाहेर बोललीस तर नव्याने आकडा घालावा लागेल. तुझ्या जागी लेलँड पुढे होईल. सगळी मोजणी पुन्हा तपासायची, सगळे निर्णय पहिल्यापासून. वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"तुझ्या कायम नेमणुकीचे कागद शरद ऋतूत जातात."

"ते पण माहीत आहे."

"आणि तू गप्प राहिलीस, तर कुणाला कधी कळणार नाही. मला सुद्धा नाही. तुला काय कळलंय ते खरं आहे की नाही, हे सुद्धा मी सांगू शकत नाही."

"म्हणून तर आले."

"कॉफी निवली," रायमो म्हणाला. ती त्याच्याकडे न बघता बाहेर गेली.

लेलँडला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याने हातातला पाना टेबलावर आपटला. "एक वर्ष! कुणी तरी दुकानात उसासा टाकला म्हणून एक वर्ष?" दुकानाचं ती बोललीच नव्हती. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. "बघ, बघ कशी बघतेस! या गावात माणसं दुसरीकडे कुठे भेटतात? आता मी पण आरोपी का?" "तू निर्णय घे वितळत्या दिवसांचा. तू काही ऐकलेलं नाहीस." "आणि मी ऐकलं असेल तर?" "ऐकलंयस?" त्याने हात पुसले. मग शांतपणे, बापाने लेकराशी बोलावं तसं म्हणाला, "नाही ऐकलं. पण आता मला सगळीकडे ऐकू येणार, डॅग्नी. तुझ्या कृपेने." मग पाना उचलून तो परत यंत्राकडे गेला, आणि यंत्राच्या आड जाऊन म्हणाला, "नव्या आकड्याचं काय? म्हाताऱ्याच्या आकड्यावर दुसरा चढवू. दोन राखणदार, अर्धं अर्धं." रायमो दारात उभा होता. तो म्हणाला, "दोन राखणदार म्हणजे दोन तोंडं. एकच झाकताना पुरे झालं." मग म्हणाला, "तीच राखेल. निर्णय तर तिला आता घेताच येणार नाहीत. जो बाटला त्याला राखणीला बसवायचं. दुसरं काम नाही त्याला."

सोमवारी सकाळी रायमोने तिला आकडा सांगितला, तोंडी, एकदाच, आणि तो सौनाची लाकडं आणायला निघून गेला. तिने दार लावलं. नवा घालण्याआधी जुना काढावा लागतो. संगणकाला वेळ लागला नाही. रेघेने जागा बदलली. डॅग्नीने बघितलं.

निघालेली ओढ, जुन्या नियमाहून जास्त किंवा कमी: (इथला आकडा झाकला आहे)

तिने ते दोनदा वाचलं. बटाट्यांपाशी उभ्या राहिलेल्या बाईला नक्की काय माहीत होतं, तेही आता तिला कळलं होतं. वर कुणी तरी पायऱ्या चढत होतं. तिने नवा आकडा घातला, रेघ पुन्हा खोटी केली, आणि पडद्यावरच्या काळ्या भागात आपलं तोंड दिसतं का ते बघितलं.

गुरुवारी ती मागे, भिंतीला टेकून बसली. लेलँडने दिवे मालवले. वितळते दिवस. तो उभा राहून बोलायला लागला, आणि तिच्या ध्यानात आलं की तो टेकडीच्या ओलीचा हिशेब चुकीचा धरतो आहे, वरच्या नाल्याकडे जाणारं पाणी तो दोनदा मोजतो आहे. साधी चूक. कुणीही दाखवून दिली असती. मागच्या महिन्यात तिने मधेच तोडून दाखवून दिली असती. पण आज तिला ठाऊक होतं की ती चूक सुधारली तर रेघ कुठे जाईल. म्हणून सांगायचं आहे, की तरीही सांगायचं आहे, की म्हणून सांगायचं नाही? आणि न सांगणं, हेही एक सांगणंच ना? लेलँड बोलता बोलता थांबला. तो तिच्याकडे बघत होता. रायमोही बघत होता, आणि आपण बघतोय हे कळल्यावर त्याने मान खाली घातली.

"काय?" लेलँड म्हणाला.

"काही नाही."

"मी पाण्याचं बोललो तेव्हा तू हललीस."

"नाही हलले."

"मग आता मी पाण्याचा हिशेब परत तपासू? की तू हललीस म्हणून तपासू नको? सांग ना! काय करू मी?"

डॅग्नी उठली. तिने आपली खुर्ची उचलली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन दाराला लावून ठेवली. दार ओढून घेतलं. आत लेलँडचा आवाज पुन्हा सुरू झाला, पाणी, नाला, टेकडी, सगळं स्पष्ट. तिने खुर्ची उचलून पुढे नेली, पेयांच्या यंत्रापर्यंत. अजून पाणी ऐकू येत होतं. आणखी पुढे, जिन्याच्या वळणाशी. तिथून नुसता आवाज येत होता, शब्द नाहीत. तिथे ती बसली.